वॉर्ड बंद असताना नर्सिंग शिकायचं कसं

२५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी लागली, हॉस्टेलं रिकामी झाली आणि एएनएम, जीएनएम, बीएस्सी अशा नर्सिंगच्या अभ्यासक्रमांची मुलंमुली बॅगा भरून गावी परतली. पुढे तास मोबाइलवर सुरू झाले. शरीररचना, मायक्रोबायोलॉजी, समाजशास्त्र हे विषय मोबाइलवर बऱ्यापैकी येतात. पण नाडी बोटांना सापडावी लागते, ग्लोव्ह्ज काढताना मनगटाला डाग लागता कामा नये आणि सलाईनचे थेंब घड्याळाशी जुळवावे लागतात. हे हातांचं शिक्षण आहे, ते पडद्यातून येत नाही. म्हणून या लेखात तासांपेक्षा हातांबद्दल जास्त लिहिलं आहे. साथीमुळे, पुरामुळे किंवा आणखी कशाने कॉलेज बंद पडलं आणि हाताशी एक मोबाइल आणि घरातली भांडीकुंडी एवढंच उरलं, तर काय करता येतं आणि काय करायला जाऊ नये, ते पुढे सांगितलं आहे.

पहिल्याच दिवशी बाकीची वही सुरू करा

काय शिकायचं बाकी आहे ते मांडायला दोनशे पानी वही घ्या आणि पानावर चार रकाने आखा. पहिल्यात प्रोसिजरचं नाव, दुसऱ्यात 'पाहिलं', तिसऱ्यात 'घरी वस्तूवर केलं', चौथ्यात 'रुग्णावर देखरेखीखाली केलं'. वर्षाच्या अभ्यासक्रमातली प्रत्येक प्रोसिजर एकेका ओळीवर उतरवा आणि दुसऱ्या, तिसऱ्या रकान्यात फक्त तारखा टाका. चौथा रकाना कॉलेज उघडेपर्यंत रिकामाच राहील, आणि तो तसाच राहू द्या.

याला कारण आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या (इंडियन नर्सिंग कौन्सिल) बीएस्सी नर्सिंगच्या नियमांत परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के हजेरी लागते, पण पदवी हातात पडण्याआधी प्रत्येक प्रात्यक्षिक क्षेत्रातली हजेरी १०० टक्के भरावी लागते. म्हणजे चुकलेले वॉर्डचे तास माफ होत नाहीत, ते नंतर भरून काढायचेच असतात. त्या वेळी नेमकं काय राहिलं आहे हे कागदावर नसेल, तर ट्यूटर सगळ्यांना एकाच मापाने वॉर्डात पाठवणार. ज्या मुलीला कॅथेटर (लघवीची नळी) कधीच घालायला मिळालं नाही, ती चौथ्यांदा बेड मेकिंग करत बसणार.

लॉगबुक, म्हणजे केलेल्या प्रोसिजरच्या नोंदींची कॉलेजची वही, घरी बसून भरून टाकायचा मोह होतो. मैत्रिणीचं लॉगबुक समोर असतं, रकाने तेच असतात. तो मोह टाळा. खोटी नोंद परीक्षेत खपून जाईलही, पण नोकरीच्या पहिल्या रात्रपाळीला ती नोंद रुग्णाच्या अंगावर निघते.

मोबाइल, डेटा आणि घरातला वेळ

बहुतेकांकडे रोज दीड जीबीचा प्रीपेड पॅक असतो. व्हिडिओ चालू ठेवून तासभराचा वर्ग ढोबळमानाने अर्धा ते एक जीबी खातो. नुसता आवाज ऐकला तर शंभर एमबीच्या आत भागतं. इथे एक गैरसमज असतो. आपला कॅमेरा बंद केला की डेटा वाचला असं वाटतं, पण त्याने फक्त आपलं चित्र जायचं थांबतं. ट्यूटरचं चित्र येतच राहतं आणि खर्च तिथेच होतो. ॲपच्या सेटिंगमध्ये डेटा वाचवण्याचा पर्याय शोधून चालू करा. ट्यूटरला विनंती करा की स्लाइड्सची पीडीएफ तासाआधी ग्रुपवर टाका. पीडीएफ समोर ठेवून आवाज ऐकला तरी थिअरीचा तास पूर्ण समजतो. प्रोसिजरच्या डेमोला मात्र चित्र लागतंच, त्यामुळे वाचवलेला डेटा त्या दिवसासाठी राखून ठेवा.

रोजचा पॅक रात्री बाराला संपतो आणि उरलेला डेटा वाया जातो. साडेअकराला उठून किती उरलाय ते पाहा आणि तेवढ्याचे डेमो व्हिडिओ ३६० पीवर उतरवून ठेवा. हातांची जागा पाहायला एवढं पुरतं, १४४ पीवर सुईचा बेव्हल, म्हणजे तिरकं कापलेलं टोक, दिसत नाही. पॅक संपल्यावर वेग बहुधा ६४ केबीपीएसवर येतो. त्यात व्हॉट्सॲपचा नुसता मजकूर जातो, म्हणून हजेरी कशी कळवायची ते ट्यूटरशी आधीच ठरवून घ्या.

केअर प्लॅन (रुग्णाच्या शुश्रूषेचा आराखडा) किंवा उत्तरपत्रिका पाठवताना साधा फोटो पाठवू नका. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं आणि औषधाच्या डोसमधला दशांश चिन्हाचा ठिपका पुसला जातो. स्कॅनिंग ॲपने पानांची एकच पीडीएफ करा आणि 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फाइलला नाव देताना रोल नंबर आधी, मग विषय, मग तारीख.

आता घराबद्दल. नर्सिंगला मुली जास्त आहेत, आणि मुलगी घरी आली की ती 'मोकळी' आहे असं घराला वाटतं. मोबाइल कानाला लावून बसलेली मुलगी अभ्यास करते आहे हे आजीला पटत नाही. वेळापत्रक कागदावर मोठ्या अक्षरात लिहून स्वयंपाकघराच्या दारावर लावा. त्यात घरकामाची वेळही स्वतःहून लिहा, म्हणजे भांडण कमी होतं. मोबाइल भावंडांमध्ये वाटून वापरायचा असेल तर कुणाचा तास किती वाजता तेही त्याच कागदावर असू द्या. हातांच्या सरावाला रोज चाळीस मिनिटं, ठरलेल्या वेळी. त्यात घरच्यांना सामील केलं की त्यांचा विरोध बराच मावळतो. आजीचं बीपी रोज मोजलं जातंय म्हटल्यावर वेळेची आठवण आजीच करून देते.

मोजमापं: घर हाच तुमचा पहिला वॉर्ड

घरची माणसं तंदुरुस्त असोत वा नसोत, नाडी, श्वास, तापमान आणि रक्तदाब मोजण्याचा सराव त्यांच्यावर निर्धोकपणे होतो. दहा दिवस, सकाळ-संध्याकाळ, तीन माणसं. नोंदी कॉलेजच्या टीपीआर (तापमान, नाडी, श्वास) चार्टवर ग्राफ काढूनच करा.

नाडी पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवय वॉर्डात गर्दी असताना लागते आणि अनियमित नाडी तिथेच सुटते. मोजून झाल्यावर बोटं मनगटावर तशीच ठेवा आणि पुढची ६० सेकंद छातीची हालचाल मोजा. श्वास मोजतोय हे समोरच्याला कळलं की त्याचा श्वास बदलतो, म्हणून त्याला अजून नाडीच चालली आहे असं वाटू द्या.

रक्तदाबावर जास्त वेळ द्या, कारण चुका इथेच जास्त होतात. माणूस पाच मिनिटं शांत बसलेला हवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर आणि मांडी किंवा आढी न घातलेली, लघवीला जाऊन आलेला, अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू नाही. कफ उघड्या दंडावर बांधा, ब्लाउजच्या किंवा शर्टाच्या बाहीवर नको. दंड हृदयाच्या उंचीवर येण्यासाठी खाली उशी द्या. हात खाली लोंबत असेल तर आकडा खोटाच वाढतो. आधी मनगटाची नाडी चाचपत कफ फुगवा, नाडी नाहीशी होते तो आकडा लक्षात ठेवा आणि हवा सोडा. मिनिटभर थांबा. मग स्टेथोस्कोप लावून त्या आकड्याच्या ३० वर फुगवा आणि सेकंदाला २ ते ३ मिमी या वेगाने हवा सोडा. पहिला ठोका वरचा आकडा, ठोके पूर्ण थांबतात तो खालचा. चाचपण्याची ही पायरी बहुतेक जण गाळतात. काही रुग्णांत ठोके मध्येच काही वेळ ऐकू येत नाहीत आणि पुन्हा सुरू होतात. आधी चाचपलं नसेल तर अशा वेळी वरचा आकडा बराच कमी नोंदला जातो.

आपली नोंद खरी आहे का, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. डायलच्या बीपी मशीनवर रेघा २ मिमीच्या असतात. म्हणजे आकडा समच येणार, १२३ येऊच शकत नाही. आणि दहा दिवसांचे सगळे आकडे शून्यानेच संपत असतील, १२०, १३०, ११०, तर तुम्ही काटा वाचत नाही, अंदाज लिहिता आहात. असं पान दिसलं तर ते फाडून टाका आणि सराव पुन्हा सुरू करा.

सरावात आजोबांचा आकडा १८० च्या वर निघाला तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा आणि त्यांच्या डॉक्टरांना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. सोबत छातीत दुखणं, बोलणं अडखळणं, दम लागणं असेल तर थेट १०८ ला फोन. गोळी दुप्पट करणं किंवा शेजारच्यांची गोळी देणं तुमच्या अखत्यारीत नाही.

सलाईनचा दर: हिशेब आणि बाटली दोन्ही

सूत्र सगळ्यांना पाठ असतं. एकूण मिली गुणिले सेटचा (सलाईनच्या नळीचा) थेंब-आकडा, म्हणजे एका मिलीत किती थेंब, भागिले मिनिटं. ५०० मिली आरएल (रिंगर लॅक्टेट) ६ तासांत, २० थेंबांच्या सेटने द्यायचं असेल तर ५०० × २० ÷ ३६० = २७.८, म्हणजे मिनिटाला २८ थेंब. १०० मिलीची अँटिबायोटिकची बाटली ३० मिनिटांत द्यायची तर ६७ थेंब. चूक बहुधा दोन ठिकाणी होते, तासांची मिनिटं करायची राहतात किंवा सेटच्या पाकिटावरचा थेंब-आकडा न वाचता २० गृहीत धरला जातो. १५ चे सेटही मिळतात आणि मायक्रो सेट ६० चा असतो. मायक्रो सेटला तासाला जितके मिली, मिनिटाला तितकेच थेंब. २० च्या सेटला ताशी मिली भागिले ३, १५ च्या सेटला भागिले ४. ही तोंडी पद्धत पडताळणीसाठी ठेवा, परीक्षेत पूर्ण सूत्र लिहा.

आता हे हाताने करा. औषधाच्या दुकानातून एक साधा आयव्ही सेट आणा. सोबतची सुई दुकानातच परत द्या, ती घरी लागत नाही. प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला सेटचं टोक घट्ट बसेल एवढं भोक पाडा. बाटली भरून उलटी टांगायची आहे, म्हणून बुडाला तापलेल्या टाचणीने हवेसाठी बारीक छिद्र करा. हे छिद्र विसरलात तर थेंब काही मिनिटांत मंदावतात आणि बाटली चिपटते. हवा आत आली नाही तर पाणी बाहेर येत नाही, हे एकदा डोळ्यांनी पाहून घ्या. वॉर्डातल्या काही कडक बाटल्यांनाही याचसाठी हवेची वाट लागते. बाटली खिडकीच्या गजाला, खालच्या भांड्यापासून साधारण एक मीटर उंचावर बांधा. ड्रिप चेंबर (थेंब पडताना दिसतात ती पारदर्शक कुपी) अर्धा भरा, नळीतली हवा काढा आणि रोलरने, म्हणजे नळीवरच्या चाकाने, २८ थेंब लावा.

अर्ध्या तासात २८ × ३० म्हणजे ८४० थेंब, आणि २० थेंबांचा एक मिली या हिशेबाने ४२ मिली पाणी भांड्यात पडायला हवं. १० मिलीच्या सिरिंजने ते मोजा. ५० निघाले तर मधल्या काळात दर बदलला आहे. बाटलीतली पातळी उतरते, कुणाचा नळीला धक्का लागतो, रोलर हळूहळू सरकतो. म्हणूनच वॉर्डात दर एकदा लावून निघून जायचं नसतं, पुन्हा पुन्हा मोजायचा असतो. बाटलीवर 'फक्त सरावासाठी' अशी चिठ्ठी चिकटवा आणि सराव झाला की सेट कापून टाका.

डोसचे हिशेब रोज पाच. त्यातली दोन उदाहरणं प्रत्येकाने सोडवलीच पाहिजेत, कारण त्यांतल्या चुकांनी खरी इजा होते. पहिलं, दहा किलोच्या मुलाला पॅरासिटामॉल किलोला १५ मिग्रॅ, म्हणजे १५० मिग्रॅ. ५ मिलीत १२५ मिग्रॅ असलेलं सिरप ६ मिली लागेल, ५ मिलीत २५० मिग्रॅ असलेलं ३ मिली. खोका सारखाच, चवही तीच. लेबल न वाचता 'नेहमीचं एवढं' दिलं तर डोस दुप्पट होतो.

दुसरं इन्सुलिनचं. आपल्याकडे ४० युनिटवाली कुपी अजून सर्रास मिळते, म्हणजे १ मिलीत ४० युनिट. तिची सिरिंज वेगळी, लाल टोपणाची. १ मिलीत १०० युनिट असणाऱ्या इन्सुलिनची सिरिंज केशरी टोपणाची. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत भरलं तर ०.२५ मिली येतं, आणि रुग्णाच्या अंगात १० ऐवजी २५ युनिट जातात. अडीचपट. उलट केलं तर १० ऐवजी ४ च जातात. हे दोन्ही हिशेब वहीत मांडा, सिरिंजचं चित्र काढा आणि रेघा रंगवा.

घरातल्या वस्तूंवर काय काय होतं

हात निर्जंतुक करण्याच्या हालचालींसाठी ग्लोव्ह्जची जोडी आणि थोडा पातळ पोस्टर रंग घ्या. ग्लोव्ह्ज चढवा, तळव्यावर चमचाभर रंग घ्या, डोळे मिटा आणि सॅनिटायझर लावताना करतो त्या सगळ्या हालचाली २० ते ३० सेकंद करा. डोळे उघडल्यावर पांढरं राहिलेलं दिसेल ते बहुधा अंगठ्याच्या बुडाशी, बोटांच्या टोकांना आणि मधल्या फटींत. वॉर्डात जंतू तिथेच राहतात. साबणपाण्याने पूर्ण प्रक्रियेला ४० ते ६० सेकंद लागतात, एवढं तोंडपाठ असू द्या.

तेच रंगीत ग्लोव्ह्ज आता काढा. पहिला मनगटाजवळ बाहेरून चिमटीत धरून उलटा ओढायचा आणि दुसऱ्या मुठीत ठेवायचा. मग उघडं बोट दुसऱ्याच्या आत, त्वचेच्या बाजूने सरकवून तोही उलटवायचा. मनगटावर रंगाचा एक ठिपका दिसला तरी ती प्रोसिजर चुकली. अंगावर उलटा रेनकोट, मास्क, चष्मा चढवून पीपीई किटचा पूर्ण क्रमही असाच करता येतो. चढवताना गाऊन, मास्क, गॉगल, ग्लोव्ह्ज. उतरवताना ग्लोव्ह्ज, गॉगल, गाऊन आणि सगळ्यात शेवटी मास्क, मग हात धुणं. उतरवणं संथपणे करा. दमलेला माणूस घाईने किट काढतो आणि संसर्ग तिथेच होतो.

बँडेजसाठी जुनी सुती साडी सर्वांत चांगली. सात-आठ सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या फाडा आणि घट्ट गुंडाळ्या करा. स्पायरल, फिगर ऑफ एट, टाचेचं, डोक्याचं, सगळी भावाच्या अंगावर बांधा. बांधल्यावर नखं दाबून सोडा, रंग दोन सेकंदांत परत आला नाही तर बँडेज आवळलं गेलं आहे. त्रिकोणी पट्टीला एक मीटर चौरस कापड तिरकं कापलं की दोन होतात.

निर्जंतुक ट्रेचा सराव स्टीलच्या थाळ्यावर करा. थाळ्यात धुतलेलं कापड चार घड्यांनी अंथरा, दोन वाट्या, कापूस आणि चिमटा ठेवा. कापडाच्या कडेचे अडीच सेंटिमीटर दूषित धरायचे, ट्रेवरून हात फिरवायचा नाही, चिमट्याचं टोक नेहमी खाली, ट्रेकडे पाठ करायची नाही. बहिणीला समोर बसवून प्रत्येक चुकीला टाळी वाजवायला सांगा. पहिल्या दिवशी टाळ्यांचा पाऊस पडतो, दहाव्या दिवशी दोन-तीनच पडतात.

सीपीआरची, म्हणजे हृदय थांबल्यावर छातीवर द्यायच्या दाबांची, लय उशीवर बसवा. मिनिटाला १०० ते १२० दाब, ३० दाबांनंतर २ श्वास, हात कोपरात न वाकवता. उशीवर ५ ते ६ सेंटिमीटर खोलीचा अंदाज येत नाही, तो मॅनिकिनवरच (सरावाच्या पुतळ्यावर) येतो, म्हणून बाकीच्या वहीत तिथे 'फक्त लय' असं लिहा. जिवंत माणसाच्या छातीवर सराव कधीही करू नका.

जैववैद्यकीय कचऱ्यासाठी चार डबे, चार रंगांचे कागद, आणि वस्तूंची नावं लिहिलेल्या चाळीस चिठ्ठ्या. रक्ताचा कापूस पिवळ्यात. आयव्ही सेट, कॅथेटर, ग्लोव्ह्ज लाल डब्यात. सुया, ब्लेड पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात. काचेच्या कुप्या निळ्यात. कॅन्युलाचे (शिरेत ठेवायच्या नळीचे) आकडे आणि रंगही असेच चिठ्ठ्यांवर घ्या, १८ हिरवा, २० गुलाबी, २२ निळा, २४ पिवळा.

पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूती कशी पुढे सरकते आहे ते दाखवणारा आलेख, घरी सगळ्यात चांगला येतो, कारण त्याला कागद आणि शांतता एवढंच लागतं. मैत्रिणीने केस बनवायची, तुम्ही मांडायची. समजा, पहिलटकरीण सकाळी ८ वाजता दाखल झाली तेव्हा गर्भाशयाचं तोंड ४ सेंमी उघडलेलं होतं आणि दुपारी १२ ला ६ सेंमी आहे. सतर्कतेची रेषा ४ सेंमीपासून तासाला एक सेंमीने चढते, म्हणजे १२ वाजता ती ८ वर आहे. कृतीची रेषा तिच्या ४ तास उजवीकडे. तुमचा बिंदू दोन रेषांच्या मधे पडला. प्राथमिक केंद्रात असाल तर याचा अर्थ डॉक्टरांना कळवणं आणि रेफर करायची गाडी तयार ठेवणं. बाळाचे ठोके, कळा आणि आईची नाडी दर अर्ध्या तासाने, हे रकाने मोकळे ठेवून फक्त रेषा काढली तर पार्टोग्राफ निम्माच झाला.

कम्युनिटी हेल्थचा फॅमिली फोल्डर, म्हणजे एका कुटुंबाच्या आरोग्याची नोंदवही, तर गावीच नीट होतो. घराची, पाण्याची, शौचालयाची, लसीकरणाची, आहाराची खरी माहिती समोर असते. आरोग्य-शिक्षणाचं भाषण मराठीत तयार करा. इंग्रजी पाठ्यपुस्तकातला 'डिहायड्रेशन'चा परिच्छेद आपल्याला समजला की नाही, हे आईला 'तोंडाला कोरड पडणं, डोळे खोल जाणं, लघवी कमी होणं' असं सांगता आलं की कळतं. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, थोडं पाकीट थोड्या पाण्यात असं करायचं नाही, आणि केलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्यायचं, एवढं तिला पटवून द्या. आरोग्य-शिक्षण म्हणतात ते हेच.

डेमो व्हिडिओ पाहायचा कसा

एक व्हिडिओ तीनदा. पहिल्यांदा वही न उघडता. दुसऱ्यांदा थांबवत थांबवत पायऱ्या आणि प्रत्येकीचं कारण लिहीत. तिसऱ्यांदा आवाज बंद करून, हातांनी सोबत करत. मग मोबाइल उभा करून स्वतःचं पाच मिनिटं चित्रण करा आणि कॉलेजच्या चेकलिस्टशी ताडून पाहा. परदेशी व्हिडिओंत साहित्य वेगळं असतं, सुईला संरक्षक झाकण असतं, पायऱ्यांचा क्रमही बदलतो. तुमचं प्रमाण म्हणजे तुमच्या कॉलेजचं प्रोसिजर मॅन्युअल.

दोघींची जोडी लावा. एकीने फोनवर चेकलिस्ट वाचायची, दुसरीने ती ऐकून करायची आणि तोंडाने बोलायची. कॉन्फरन्सवर केस चर्चा असेल तेव्हा रुग्णाचं नाव, गाव, चेहरा, केसपेपरचा फोटो काहीही ग्रुपवर येता कामा नये. चित्रणात घरच्यांचे चेहरेही नकोत.

जिथे थांबायचं

साथीत गावात 'नर्सिंगची पोर' आली की लोक दारात येतात. घरी सलाईन लाव, इंजेक्शन दे, ऑक्सिजन लाव. त्यांची अडचण खरी असते, दवाखाना लांब असतो, आणि तुम्हालाही उपयोगी पडावंसं वाटतं. तरीही नाही म्हणा. राज्याच्या नर्सिंग परिषदेची नोंदणी होईपर्यंत तुम्ही विद्यार्थी आहात, आणि शिकाऊ हाताने, देखरेखीशिवाय, रिॲक्शन आली तर सावरायचं औषधही जवळ नसताना दिलेलं इंजेक्शन माणूस दगावण्याइतकं धोक्याचं असतं. तुम्ही करू शकता ते पुष्कळ आहे. तापमान, नाडी, ऑक्सिमीटरचा आकडा नीट घेणं (बोट गार असेल किंवा नेलपॉलिश असेल तर तो चुकीचा येतो), तो आकडा वेळेसकट कागदावर लिहून देणं, १०८ ला फोन लावून देणं, सल्ल्यासाठी १०४ सांगणं, आशाताईंना कळवणं, मास्क आणि हात धुणं शिकवणं. लिहून दिलेला तो कागद दवाखान्यातल्या सिस्टरला फार उपयोगी पडतो.

सुई, ब्लेड, कॅन्युला सरावासाठी घरी आणू नका. संत्र्यावर इंजेक्शन टोचण्याचे व्हिडिओ भरपूर आहेत, पण घरात टोचलेली सुई टाकायला पांढरा डबा नसतो. ती केरात जाते आणि केर उचलणाऱ्या बाईच्या हाताला लागते. बिनसुईच्या सिरिंजने पाणी अचूक ओढणं, हवेचे बुडबुडे काढणं आणि ०.१ मिलीपर्यंत वाचणं एवढंच घरी करा.

कॉलेज उघडल्यावर पहिले आठ दिवस

आधी हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस, म्हणजे सुरुवातीला, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी, यातला कुठला टाळेबंदीत चुकला का ते कार्ड काढून पाहा. चुकला असेल तर पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेला घ्यायचा असतो. धनुर्वाताची लसही तपासा.

बाकीची वही पहिल्याच दिवशी ट्यूटरना दाखवा. दुसरा, तिसरा रकाना भरलेला आणि चौथा मोकळा अशा ओळींवर खूण करा आणि त्यांतल्या जोखमीच्या आधी मागून घ्या, इंजेक्शन, कॅथेटर, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी), सक्शन (नळीने कफ ओढून काढणं), प्रसूती. प्रत्येक प्रोसिजर आधी स्किल लॅबमध्ये मॅनिकिनवर, मग वॉर्डात एकदा नुसती बघून, मग सिस्टर शेजारी उभ्या असताना.

वॉर्डात ड्युटी लागली की इन्चार्ज सिस्टरना सकाळीच सांगा, "सिस्टर, आयव्ही इंजेक्शन मी अजून फक्त व्हिडिओत पाहिलंय. पहिलं तुमच्यासमोर देते." हे वाक्य जड जातं, आजूबाजूला मैत्रिणी असतात. पण हे ऐकल्यावर सिस्टर तुम्हाला सोबत घेऊन उभ्या राहतात. न बोललेल्या मुलीच्या हातात मात्र त्या ट्रे देऊन पुढच्या बेडकडे वळतात. इंजेक्शन देऊन झालं, नोंद केली, सिस्टरांची सही झाली, की वही उघडा आणि चौथ्या रकान्यात तारीख लिहा.